ग्रामगीतेंतील श्रोता

‘ग्रामगीते’विषयीं जें लेखन आमच्या पाहण्यांत आलें, त्यांतील बरेचसें भक्तिभावानें लिहिलेलें आहे, उलटपक्षीं ज्यांस काव्याची चाड आहे ते तिला प्रचाराची पोथी समजून बाजूस सारतात. दोन्ही मार्गांनीं ग्रंथ वाचावयाचा राहूनच जातो. तुकडोजी महाराजांचा हा ४१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ सन १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. गांवानें आपला उद्धार आपणच करावा, हें त्याचें प्रतिपाद्य. तेव्हां त्यास विचारावयाचा प्रश्नहि सरळ आहे: या पोथींत गांव स्वतः कितपत बोलतें?

आधीं तिचें श्रेय तिला देऊं. मराठींत पोथीची ओवी शतकानुशतकें ब्रह्म, माया आणि मोक्ष यांच्या सहवासांत वाढली. तिला विहिरीकांठच्या चिखलांत, उकिरड्यापाशीं, तुंबलेल्या सांडपाण्यापाशीं नेऊन उभी करणें हें धाडस होतें. ‘ग्रामशुद्धी’सारख्या अध्यायांत दृष्टांतांची श्रीमंती नाहीं, कित्येक ओव्या उघड उघड गद्यांत उतरतात, आणि यमकासाठीं केलेली ओढाताण कानास जाणवते. पण ही ओवी एकट्यानें डोळ्यांनीं वाचावयाची नव्हेच. ती चारचौघांत मोठ्यानें म्हणावयाची, अक्षरशत्रूनें ऐकावयाची आणि सकाळीं उठून हातीं खराटा घ्यावयाचा. ‘प्रारब्धवाद’ या अध्यायांत दैवावर हवाला टाकून बसणाऱ्यांची जी हजेरी घेतली आहे, ती तर पारावरच्या माणसाच्या ओळखीच्या भाषेंत आहे.

अडचण पुढें आहे. गांव म्हणजे एक कुटुंब, ही या ग्रंथाची मध्यवर्ती कल्पना. परंतु कुटुंबांत कर्ता असतो, आणि कोणाच्या पानांत काय पडावें हें तोच ठरवितो. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत खेड्याच्या स्तुतिस्तोत्रांवर जो कठोर आक्षेप घेतला, तो येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. महाराजांस अस्पृश्यतेची चीड होती, याविषयीं शंका नको. तथापि ‘दलितसेवा’ हें अध्यायाचें नांवच पाहावें: सेवा करणारा एक आणि करून घेणारा दुसरा. ज्याची सेवा व्हावयाची त्याच्या हक्काचा प्रश्न बहुतांशीं सज्जनांच्या हृदयपालटावर सोंपविलेला आहे.

संवादाची रचनाहि हेंच सांगते. श्रोता शंका काढतो, वक्ता तिचें निरसन करतो आणि श्रोता बहुधा समाधान पावतो. पोथीचा हा जुनाच संकेत. त्यासाठीं एकट्या तुकडोजींस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. पण विषय जर गांवाचा कारभार हा असेल, तर हा संकेत अपुरा पडतो.

त्याच विदर्भांत, गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवीं निराळा संकेत रूढ झाला. मिलिंद बोकील यांचें ‘गोष्ट मेंढा गावाची’ हें पुस्तक शेजारीं ठेवून ग्रामगीता वाचली कीं भेद डोळ्यांत भरतो. तेथें ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनें होतो. एकानेंहि हरकत घेतली तर निर्णय थांबतो. अभ्यासगटांत बाहेरचे जाणकार येतात, बोलतात, पण ठरवीत नाहींत. वनहक्क कायदा २००६ सालचा; त्याअन्वयें सन २००९ मध्यें या गांवास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि सन २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि ग्रामसभेच्या हातीं आला. येथें श्रोताच धनी झाला आहे.

अर्थात् मेंढा हें बहुतांशीं एकाच समाजाचें गांव. जेथें बारा बलुतीं आहेत आणि गांवकुसाबाहेर निराळी वस्ती आहे, तेथें एका माणसाची हरकत इतक्या आदरानें ऐकली जाईल असें आम्ही म्हणणार नाहीं. आणि तुकडोजींपुढें बसलें होतें तें नेमकें असलेंच गांव. त्यांतील शेवटच्या रांगेंतला श्रोता समाधान न पावतां दुसऱ्यांदा उठून उभा राहिला, असा प्रसंग आम्हांस एकेचाळीस अध्यायांत सांपडला नाहीं.