स्थानपोथी आणि दादरचा पूल

'महानगरीय साहित्य' हा शब्द मराठी समीक्षेत रूढ होऊन पुष्कळ वर्षे लोटली. या साहित्यात गर्दी आहे, घाम आहे, चाळ आणि झोपडी आहे. एकाकीपण तर विपुल आहे. परंतु त्याला एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या शहरात माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो कसा? प्रश्न बाळबोध वाटेल. कौंडण्यपुराकडून पाहिले म्हणजे तो तसा वाटत नाही.

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्यातील, वर्धा नदीकाठचे गाव. परंपरेने ते रुक्मिणीचे माहेर. आषाढीस तेथून तिची पालखी पायी पंढरपुरास जाते. याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभावांच्या या ठिकाणी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ बव्हंशी एका चालत्या पुरुषाच्या आठवणींचा आहे. पंथाची स्थानपोथी तर याहून एक पाऊल पुढे जाते. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या जागांची ती नोंद करते: देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे. हेतू भक्तीचा खरा. पण मागाहून येणाऱ्या अनोळखी माणसास जागा सापडावी, ही काळजी त्या कोरड्या वाक्यांतून सतत जाणवते. आपल्या भाषेला हे काम सातशे वर्षांपूर्वी येत होते.

मुंबईच्या बाबतीत ते एकदा नीट झाले. मूळचे गोव्याचे गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तिला तेव्हा दहा वर्षे झाली होती. रस्ते, बाजार, तलाव, गोद्या आणि आगगाडी यांचे वर्णन करताना माडगावकरांनी आपला वाचक परका आहे, असे गृहीत धरले. या पुस्तकाचे मोठेपण मला तेथेच दिसते. त्यांना मुंबईचा अभिमान आहे, काही ठिकाणी तो जरा जास्तच आहे. तरी वाचकाचा हात त्यांनी सोडला नाही.

पुढच्या लेखकांनी तो सोडला. मर्ढेकरांच्या कवितेत लोकल आली ती मुंग्या झालेल्या माणसांसोबत. ती प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की गर्दी म्हणजे यंत्र, गर्दी म्हणजे कीटक, हे समीकरण नंतरच्या कित्येक कवींनी उसने घेऊन झिजवले. मर्ढेकरांचे दुःख खरे होते, अनुकरण करणाऱ्यांची केवळ सवय होती. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची तुलना करताना मुंबईकराला घड्याळाशी बांधले. ते निरीक्षण अचूक आहे आणि आम्हां विदर्भवासीयांनाही त्यात मनमुराद हसू येते. पण ते हसू आतल्यांचे आहे. (पुलंच्या 'म्हैस' या कथेत एस.टी. अडून राहते म्हणूनच सारी माणसे आपल्याला दिसतात. आपल्या विनोदाला वाहन थांबलेलेच मानवते की काय, असे वाटून जाते.)

नारायण सुर्वे यांचे शहर निराळे. ते पायी चालणाऱ्यांचे आहे. गिरणगावात चाळ आणि गिरणी यांतले अंतर पायांनी मोजले जाई. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा तो संसार मोडला, अनेक कुटुंबे कल्याण-विरारकडे सरकली, आणि कामाची जागा गाडीच्या अंतरावर गेली. या स्थलांतराने कामगाराचा दिवस किती तासांनी वाढला, याचा हिशेब आपल्या कादंबरीने मांडायला हवा होता. तो तिने पुरेसा मांडलेला नाही.

येथे आठवण होते ती अरुण साधूंची. ते परतवाड्याचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. अचलपूर-मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाची चिंचोळी गाडी सुमारे ७६ किलोमीटरला चार-चार तास घेई; आता तीही बंद पडली. तिच्या परिसरात जन्मलेल्या या लेखकाने 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहून शहराचे अनेक थर एकदम हलताना दाखविले. परंतु ती हालचाल सत्तेची आहे. सत्ता कोणाकडून कोणाकडे जाते हे साधूंइतके स्वच्छ कोणी सांगितले नाही. वऱ्हाडातून आलेला माणूस दादरला उतरून कोणीकडे जातो, हे त्यांनीच सांगायला हवे होते, असा माझा लाडिक हट्ट आहे.

कारण हा माणूस काल्पनिक नाही. परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली वऱ्हाडातील कुटुंबे बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरतात आणि पहाटे दादरला उतरतात. हातात रिपोर्टांची पिशवी, सोबत अशक्त माणूस. परळ एकच स्टेशन पुढे. पण त्यासाठी धीमी गाडी हवी, जलद चालत नाही. मुक्काम नालासोपाऱ्याच्या नातलगाकडे असेल तर पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे जाणे आले. त्या दादरला ९ डिसेंबर २०२३ पर्यंत एक क्रमांकाचे फलाट दोन होते, एक मध्य रेल्वेचा, एक पश्चिमेचा. 'एक नंबरवर या' या निरोपाने किती माणसांची चुकामूक झाली असेल!

वसईच्या वाचकांना ही सारी माहिती नवी नाही. विरारहून मुंबईस १८६७ पासून गाडी आहे. केवळ महिलांसाठी असलेली पहिली लोकल १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर सुरू झाली. चौथी सीट, भजनी मंडळे, डब्यात निवडली जाणारी भाजी यांवर ललित लेख पुष्कळ आले. ते गोड असतात, आणि त्या गोडव्यालाच माझा आक्षेप आहे. ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, साधूंच्या निधनानंतर चौथ्या दिवशी, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडले व त्यांतले काही दगावले. अशा शहराच्या प्रवाशाला 'सोशीक' म्हणून गौरविणारा लेख, लेखकाच्या मनात नसतानाही, अरुंद पुलाची बाजू घेतो. मुंगी म्हणणाऱ्या कवितेने निदान अपमान ओळखला होता.

एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. जुन्या कथांत जुनेच नाव राहील, आणि उद्याचा वाचक ते स्टेशन नकाशावर शोधील. दादरला मात्र मध्य रेल्वेच्या फलाटांना आता आठपासून पुढे क्रमांक आहेत. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या माणसाला निदान 'एक नंबर' एकच सापडतो.