खोक्यावरचे वॅट आणि आतली तार

छोट्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर 'पीएमपीओ १००० वॅट' असे ठळक छापलेले आपण पाहिले असेल. तो आकडा वाचताना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आठवावा. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर २४ वॅट देतो. त्यावर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर सतत त्याहून अधिक शक्ती आणणार कोठून? पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे हा दावा तपासताही येत नाही.

पण खरा आक्षेप पुढचा आहे. या आकड्यामुळे आतल्या बांधणीकडे कोणी पाहतच नाही. स्वस्त संचांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'टीडीए २०३०' हा आयसी घ्या. ±१४ व्होल्टवर ४ ओहमच्या भाराला १२ वॅट देण्याची हमी त्याच्या माहितीपत्रकात आहे. एका खोलीला एवढे पुष्कळ झाले. तरीही हाच आयसी एका पेटीत स्वच्छ वाजतो आणि दुसरीत सतत घुमतो. असे का?

उत्तर ओहमच्या नियमात आहे. आत रोहित्र असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेक्टिफायरपुढचा कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो. प्रत्येक वेळी प्रवाह क्षणभरच, पण जोराने येतो. तो ३ अँपिअर धरू. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १० सेंटिमीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ३.४ मिलिओहम असतो. म्हणजे तिच्या दोन टोकांत सुमारे १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटची ग्राउंड तार याच तुकड्यातून गेली असेल, तर हे १० मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात. ३० पट वर्धन झाले की स्पीकरला ०.३ व्होल्ट मिळतात आणि शांत खोलीत १०० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते.

उपायाला जवळपास काहीच खर्च नाही. कपॅसिटर भरणाऱ्या प्रवाहाची वाट वेगळी ठेवावी आणि बाकीच्या ग्राउंड तारा त्या वाटेबाहेर एकाच बिंदूत जोडाव्यात. रोहित्राच्या तारा एकमेकींना पिळून इनपुटपासून दूर न्याव्यात. याउलट 'अतिशुद्ध तांब्या'च्या महागड्या तारांनी रोध एखाद-दुसऱ्या टक्क्याने घटेल. चुकीची वाट मात्र तशीच राहील.

काही दोष केवळ कानाला त्रास देऊन थांबत नाहीत. धातूची पेटी, आत २३० व्होल्टचे रोहित्र, दुहेरी विद्युतरोधन नाही आणि बाहेर दोनच पिनांचा प्लग, अशी बांधणी सरळ नाकारावी. आतली एखादी सुटलेली तार पेटीला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज वितळणार नाही. पेटीला हात लावणाऱ्यालाच धक्का बसेल.

शाळेसाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना दुकानातच एक प्रयोग करावा. पेटी उघडू नये. गाणे न लावता आवाजाचे बटण शून्यावर ठेवावे आणि स्पीकरजवळ कान न्यावा. घरघर ऐकू आली, तर दोष वायरिंगचा किंवा अपुऱ्या फिल्टरचा आहे. मग प्लगच्या पिना मोजाव्यात. खोक्यावरचे वॅट त्यानंतर वाचले तरी चालतील.