गुडघा म्हणजे नुसती बिजागरी नव्हे

शालेय तक्त्यांवरच्या गुडघ्याबद्दल आमची जुनी तक्रार आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगी, मध्ये बारीक फट आणि शेजारी शब्द: 'बिजागरीचा सांधा'. कर्जत-खालापूरकडच्या मुलांकडून हे पाठ करून घेताना थोडे थांबावे. चिखलात पाय रोवून लावणी करणारी, चुलीपुढे उकिडवी बसणारी माणसे ती रोज पाहतात. दाराच्या बिजागरीला हे साधेल काय? वाकलेला गुडघा थोडा फिरतोही. मांडीचे हाड नडगीवर लोळते आणि घसरते.

त्या फटीत तक्त्यावर न दाखवलेल्या दोन कूर्चेच्या चकत्या असतात. त्या वजन पसरवतात, हाडाबरोबर सरकतात. आतल्या बाजूची इंग्रजी 'सी'सारखी, बाहेरची जवळजवळ गोल, पण मध्ये मोकळी. काहींच्या गुडघ्यात मात्र बाहेरची चकती भाकरीसारखी सबंध असते. यंग यांनी १८८९ साली तिची नोंद केली. युरोपपेक्षा जपान-कोरियात ती बरीच अधिक आढळते आणि अनेकांना जन्मभर तिचा पत्ताही नसतो.

तिचे कारण सांगताना मोठी पुस्तकेही घसरली आहेत. गर्भात चकती आधी सबंध असते, मग मधला भाग विरतो, वाढ अडली की ती तशीच राहते, असे स्माइली यांनी १९४८ मध्ये मांडले. कल्पना सुटसुटीत, म्हणून चिवट! कॅप्लन यांनी १९५७ मध्ये दाखवले की गर्भाच्या कोणत्याच अवस्थेत अशी सबंध चकती दिसत नाही. मागचा बंध नसल्याने चकती वेडीवाकडी हलते व जाड होते, हे त्यांचे स्वतःचे उत्तरही पुरेसे नाही. बंध शाबूत असलेल्या सबंध चकत्याही सापडतात. 'उकिडवे बसून तशी झाली असेल' असा तर्क वर्गात निघेलच. तो हसण्यावारी नेऊ नये. लाहोरच्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या पायाच्या हाडांवर उकिडव्या बैठकीच्या खुणा दाखवल्या होत्या. पण सबंध चकती अगदी लहान बालकांतही आढळते, त्यामुळे येथे तो तर्क टिकत नाही.

एकच आकार खरा मानला की भुर्दंड मुलाला पडतो. कवायतीत गुडघा खटकन वाजतो, पाय पुरता सरळ होत नाही, आणि शेरा मिळतो 'कामचुकार'. नुसता, न दुखणारा आवाज काळजीचा नाही. दुखणे, सूज, अडकणे किंवा पाय सरळ न होणे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पूर्वी अख्खी चकती काढत. पुढे सांधा झिजतो असे दिसल्यावर आता शक्यतो मधला भाग कोरून कडा राखतात.

तक्ता बदलेपर्यंत खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचे दोन-तीन गुडघे आणावेत. मागे वळलेला दिसतो तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो. चकत्या सोडवून कागदावर ठेवाव्यात, कडेने पेन्सिल फिरवावी आणि आकृत्या एकमेकींवर धरून खिडकीच्या उजेडात पाहाव्यात.