चाहत्यांचे भांडण आणि समीक्षेची कसोटी : ‘घरंदाज गायकी’च्या निमित्ताने

एखाद्या गायकावर कुणी परखड लिहिले की गायकापेक्षा त्याचा चाहता अधिक दुखावतो. गायकाला आपल्या गळ्याच्या मर्यादा बहुधा ठाऊक असतात. चाहत्याच्या मात्र आयुष्यातली कितीतरी वर्षे त्या गाण्याच्या सोबतीने गेलेली असतात. मग वाद गाण्यावरून माणसावर घसरायला वेळ लागत नाही. लिहिणारा कोण? कुणाचा शिष्य? त्याला स्वतःला चार स्वर तरी नीट लावता येतात का? मोबाइलवर रोज झडणारी ही भांडणे आपण नव्या काळाचा रोग समजतो. मराठी रसिकतेचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. भांडणे पूर्वीही होती. त्यांतून गाण्याबद्दल काही कळले का, एवढेच तपासण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात ते मुख्यतः वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाच्या आधारे तपासायचे आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघांचे चाहते एकाच थिएटरात समोरासमोर आले होते आणि सरस कोण, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या आकर्षणाचाच भाग होता. पण सरस कशात? केशवरावांच्या आवाजाची तडफ आणि बालगंधर्वांचे लयीला बिलगून जाणारे लडिवाळ गाणे एकाच मापाने कसे मोजायचे? टाळ्या आणि ‘वन्स मोअर’ मोजून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी भाषा लागते. ती घडवण्याचे मोठे काम पुढे केशवराव भोळे यांनी केले.

भोळे आज ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार म्हणून आठवतात. त्यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने हयात गायकांवर लेख लिहिले. पुढे ते ‘संगीताचे मानकरी’ म्हणून पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले. गुरूने नाकारलेला आणि दुरून पाहून विद्या मिळवलेला एकलव्य हे नाव मला अर्थपूर्ण वाटते. गंडा बांधून बसणाऱ्यांच्या पंगतीबाहेर राहूनही गाण्यावर बोलण्याचा हक्क कान तयार करून मिळवता येतो, असे ते नाव सुचवते. भोळ्यांच्या लेखनाचा विशेष असा की ते आवाजाची जात, त्याचा लगाव, तानेचा दाणा, शब्दांचा उच्चार यांबद्दल बोलतात. ‘दैवी गाणे’ म्हणणाऱ्याशी वाद घालता येत नाही. ‘वरच्या षड्जावर आवाज बारीक होतो’ म्हणणाऱ्याशी घालता येतो. त्यासाठी पुन्हा जाऊन ऐकावे लागते, इतकेच.

वामनरावांनी ही रीत एका गायकावरून अख्ख्या घराण्यांवर नेली. ते व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आणि मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य. ‘घरंदाज गायकी’चा इंग्रजी अनुवाद १९७३ साली आला आणि हा वाद मराठीबाहेरही पोहोचला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : घराणे उभे राहते ते मूळ पुरुषाच्या आवाजाच्या धर्मावर, आणि घराण्याची प्रकृती ठरते ती स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर. एक रेषा आखली तर तिच्या स्वराच्या टोकाला अब्दुल करीम खाँचे किराणा, लयीच्या टोकाला आग्रा आणि दोहोंचा तोल साधणारे अल्लादिया खाँचे जयपूर.

यात चिथावणी कुठे आहे हे कोणत्याही चाहत्याला तत्काळ कळेल. किराण्याच्या माणसाला आपल्या गाण्यात लय कमी असल्याचे ऐकावे लागते, आग्र्याच्या माणसाला स्वर कमी असल्याचे. आणि तोल कुणाचा? लेखकाच्या स्वतःच्या घराण्याचा! ‘मोगूबाईंचा शिष्य दुसरे काय लिहिणार’ हा शेरा मनात येणे स्वाभाविक आहे. पण हिशेब तपासणाऱ्याचे नातेगोते कळल्याने हिशेबातली चूक सापडत नाही. ती शोधायला वह्याच उघडाव्या लागतात.

त्या उघडून पाहू. अब्दुल करीम खाँच्या ओडियनसाठी केलेल्या तबकड्या आजही सहज मिळतात. आर्त, रेंगाळणारा, एकेका सुराला कुरवाळणारा तो आवाज ऐकताना समेचे येणे जवळजवळ नकळत घडते. वामनरावांचे म्हणणे इथे कानाला पटते. पण त्याच खाँसाहेबांना कर्नाटक संगीताची ओढ होती आणि त्यांच्या सरगमेत लयीचा खेळ स्पष्ट ऐकू येतो. उलट बाजूने फैयाज खाँ घ्या. बोलबनाव आणि बोलतानांत ते तबल्याशी जी झटापट करतात ती लयीच्या टोकाला शोभेल अशीच. पण बंदिशीआधीच्या त्यांच्या नोम्-तोम् आलापातला भरदार, ठाय स्वर? आग्र्याचा चाहता हा पुरावा पुढे ठेवील. वामनरावांच्या बाजूचा माणूस म्हणेल की नोम्-तोम्‌च्या अक्षरांच्या आघातांतही लयच आहे. हा वाद मिटणार नाही, पण यात भाग घेणारे दोघेही पहिल्यापेक्षा बारकाईने ऐकू लागतील.

माझा स्वतःचा आक्षेप रेषेवरच आहे. स्वर आणि लय एका रेषेची दोन टोके मानली की एक वाढले म्हणजे दुसरे कमी झाले, असे आपोआप ठरते. तसे का मानावे? दोन्ही विपुल असणारे गाणे संभवते, दोन्हींत दुबळे असणारे तर नेहमीच ऐकू येते. दुसरे असे की मध्य म्हणजे शिखर नव्हे. तोल हा गुण खरा, पण एका बाजूला झोकून देण्यातही सौंदर्य असते, आणि अब्दुल करीम खाँची ताकद त्या झोकून देण्यातच आहे. लेखकाने इथे मोजमापाच्या पोटात आपली आवड सरकवली आहे. तिसरे, शब्दाचे स्थान आणि जयपूरवाल्यांचे अनवट व जोडराग या रेषेवर कुठेच बसत नाहीत.

आणखी एक अडचण आहे. ज्यांच्या गाण्यात हा तोल असल्याचे सांगितले जाते त्या अल्लादिया खाँनी (मृत्यू १९४६) आपले ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचते ते केसरबाई केरकर, मोगूबाई अशा शिष्यांच्या गळ्यांतून, आणि या दोघी तरी कुठे एकसारख्या गातात? म्हणजे रेषेची दोन्ही टोके ऐकता येतात. मध्यबिंदू मात्र ऐकीव आहे.

एवढे आक्षेप घेता येतात, हेच ‘घरंदाज गायकी’चे मोठेपण. चुकू शकेल इतके स्पष्ट विधान करणारी समीक्षा वाचकाच्या हाती काहीतरी देते. सगळ्यांना थोर म्हणणारी समीक्षा कधीच चुकत नाही, म्हणून तिचा उपयोगही होत नाही. ‘तुम्ही गाऊन दाखवा’ या आव्हानालाही यातच उत्तर आहे. गायला लागणारी सिद्धी वेगळी आणि ऐकलेले नेमके सांगण्याची सिद्धी वेगळी. वामनरावांनी गाण्याची तालीम घेतली होती, तरी त्यांच्या रेषेची सत्यता त्यांच्या गळ्यावर अवलंबून नाही.

आज परिस्थिती वरकरणी या वादाला अनुकूल आहे. आमच्या नाहूरच्या श्रोत्याला मैफलीसाठी मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरापर्यंत किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनपर्यंत जावे लागते. पण नाहूरहून सीएसएमटीला जाताना धीम्या लोकलमध्ये कानात बोंडे घालून तो अब्दुल करीम, फैयाज खाँ आणि केसरबाई ओळीने ऐकू शकतो. भोळ्यांच्या वाचकाला ही सोय नव्हती. त्याला तीन मिनिटांची तबकडी तरी मिळवावी लागे, नाहीतर पुढच्या मैफलीची वाट पाहावी लागे. पुरावा खिशात असताना आपण मात्र लेखकाची जात, गाव, घराणे आणि पक्ष शोधत बसतो. परखड लेखाखाली ‘अमुक मिनिटाला ऐका, तिथे तुमचे म्हणणे चुकते’ असे लिहिणारा चाहता विरळा.

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे स्वतःच्या रीतीने गायली तेव्हा कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांच्या भक्ताला त्यात अधिक्षेप वाटू शकतो. पण नावातला पहिला शब्द पाहावा. ‘मला’ म्हटल्याने जबाबदारी गाणाऱ्याची झाली, आणि ऐकणाऱ्याला ‘मला असे उमजले नाही’ म्हणण्याची वाटही मोकळी राहिली. मात्र त्या वाटेने जाणाऱ्याने आपल्याला काय उमजले ते सांगायला हवे, आणि त्यासाठी बालगंधर्वांची मूळ तबकडी पुन्हा एकदा लावायला हवी.