नकाशावरील नाव आणि घराण्याचे गाव : एका साधनाची चिकित्सा

स्थानिक इतिहास आणि कुलवृत्तान्त यांच्या अभ्यासात जुन्या स्थलदर्शक नकाशांचा उपयोग अलीकडे वाढू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे एके काळी सामान्य अभ्यासकास सहजासहजी पाहावयास मिळत नसत. २००५ चे राष्ट्रीय नकाशा धोरण व २०२१ च्या मार्गदर्शक सूचना यांमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली. परिणामी, एक मैलास एक इंच या प्रमाणावरील जुनी पत्रके आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांतही पुराव्यादाखल पुढे केली जातात. तथापि साधन सुलभ झाले म्हणजे त्याची चिकित्साही आपोआप होते, असे नाही. बखरीचा आधार घेताना ती कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिली, हे आपण विचारतो. नकाशापुढे मात्र ही सवय गळून पडते. तो मोजून काढलेला असतो, म्हणून त्यावरील सर्व काही मोजलेलेच आहे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः नकाशावर अंतर मोजलेले असते, उंची मोजलेली असते. नाव मात्र ऐकलेले किंवा उतरून घेतलेले असते. या दोन प्रकारच्या विधानांत भेद न केल्यामुळे कोणते घोटाळे होतात, हे बुधवार पेठेच्या आधाराने दाखविण्याचा येथे विचार आहे.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न घेऊ. एक इंची पत्रकांच्या मालिकेत पुणे शहर एकाच पत्रकावर मावत नाही. अठरा अंश तीस कला ही अक्षांशरेषा स्वारगेट आणि पर्वती यांच्या दरम्यान जाते व तेथेच ४७ एफ/१४ हे पत्रक संपून ४७ एफ/१५ सुरू होते. म्हणजे बुधवार पेठ एका पत्रकाच्या तळाशी आणि पर्वती दुसऱ्याच्या माथ्यावर! पेठेतून पर्वतीस नित्य जाणाऱ्या कुटुंबाचे विश्व समजून घ्यावयाचे असेल, तर अभ्यासकास आधी दोन कागद जोडावे लागतात. शिवाय या प्रमाणावर सगळी बुधवार पेठ आंगठ्याच्या नखाखाली झाकली जाते. पन्नास फूट रुंदीचा वाडा म्हणजे इंचाचा सुमारे शंभरावा भाग; तो काढावयाचा झाला तरी रेघेच्या जाडीत हरवून जाईल. त्यामुळे शहराची दाट वस्ती अशा पत्रकावर एकसंध ठशाच्या रूपाने येते. तीत बोळ दिसत नाहीत, चौक दिसत नाहीत, वाडे तर नाहीतच.

या मौनाचा अर्थ कसा लावावा? १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यात सुरू केली, तो याच पेठेतील. डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठी, त्याची जीर्ण वास्तू पाडण्यात आली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बुधवार वाडा १८७९ च्या आगीत जळाला. यांपैकी एकाचाही पत्ता एक इंची पत्रकावर लागावयाचा नाही. परंतु एवढ्यावरून त्या वास्तूंचे महत्त्व वा अस्तित्व यांविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते केवळ नकाशाचे प्रमाण. वाड्याचा शोध घेणाऱ्याने सिटी सर्व्हेचे नकाशे, मिळकत पत्रिका आणि पुणे पुराभिलेखागारातील कागद यांकडे वळावे. खेड्यातील जमिनीचा शोध घेणाऱ्यास महसुली मोजणीची टिपणे व गावनकाशे उपयोगी पडतील. स्थलदर्शक सर्वेक्षण व महसुली मोजणी यांची उद्दिष्टेच भिन्न होती. पहिल्यास डोंगर, पाणी, वाटा आणि वस्तीचे स्थान हवे होते. दुसरीस शेत कोणाचे व आकार किती, हे हवे होते. एकीचे काम दुसरीकडून करवून घेण्याचा हट्ट धरू नये.

आता नावांकडे वळू. भाषेच्या अभ्यासकास येथेच खरी अडचण दिसते. मराठी नाव इंग्रजी नकाशावर येताना त्याला निदान दोन चाळण्यांतून जावे लागते. एक भूमापकाच्या किंवा त्याच्या दुभाष्याच्या कानाची, दुसरी रोमन लिपीची. विल्यम हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी कामकाजात रुजली. तिच्यामुळे लेखनात बरीच एकवाक्यता आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या पद्धतीत मूर्धन्य व दंत्य वर्णांत भेद राखला जात नाही. ‘ट’ आणि ‘त’, ‘ठ’ आणि ‘थ’ एकाच चिन्हाने दर्शविले जातात. ‘ळ’ हा ‘ल’मध्ये मिसळून जातो. ‘चाकण’मधील च आणि ‘चिंचवड’मधील च यांतील फरक तर देवनागरीतही दिसत नाही, मग रोमनमध्ये तो कोठून यावा? दीर्घ आकाराचे चिन्ह छापण्याचे सोडून दिले, की ऱ्हस्व-दीर्घाचाही लोप होतो.

याचे उदाहरण बुधवार पेठेतच आहे. विजेच्या सामानाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या गल्लीचे नाव कोणी ‘तपकीर गल्ली’ असे लिहितात, कोणी ‘तापकीर गल्ली’ असे. पहिल्या रूपावरून तपकिरीच्या व्यापाराकडे लक्ष जाते. दुसऱ्या रूपावरून त्या आडनावाच्या घराण्याकडे. रोमन अक्षरांत ही दोन्ही रूपे एकच होतात. अशा लेखनावरून कोणी गल्लीचा, किंवा आपल्या घराण्याचा, इतिहास सांगू लागला, तर तो इतिहास एका न छापलेल्या मात्रेवर उभा आहे, असे म्हणावे लागेल. याच पेठेतील ‘फरासखाना’ या नावाचे तसे नाही. त्या शब्दाची फारसी घडण इतकी स्पष्ट आहे, की लिपी बदलली तरी अर्थ निसटत नाही. प्रत्येक नाव सारखेच संशयास्पद असते, असे नव्हे. कोणते नाव लिप्यंतरात टिकते व कोणते टिकत नाही, हे तपासता येते.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली एक चूक नमूद करणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या घराण्याच्या स्थलांतरावर लघुप्रबंध लिहिला. चार पिढ्या बुधवार पेठेत, जोगेश्वरीच्या आसपास काढलेले हे कुटुंब. घरात पणजोबांच्या वेळचा एक इंग्रजी दाखला होता आणि त्यावर मूळ गावाचे नाव रोमन अक्षरांत ‘भांबुर्डा’ असे वाचता येत होते. जुन्या नकाशावर मुठेच्या पैलतीरी ते नाव मिळालेही. आजच्या शिवाजीनगरचे जुने नाव भांबुर्डे, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा हे घराणे नदीपलीकडून अलीकडे आले, असा निष्कर्ष तिने काढला व तो आम्ही मान्य केला. दाखला होता, नकाशा होता. आणखी काय हवे होते?

पुढे तोंडी परीक्षेच्या वेळी तिने आजीच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण ऐकविले. आजी म्हणत होती, की “भांबर्ड्याला जाताना पौडाला मुक्काम पडायचा,” आणि पावसाळ्याचे चार महिने तिकडची वाट बंद असायची. हे वाक्य ऐकल्यावर सर्व मांडणी ढासळली. बुधवार पेठेतून नदीपलीकडे जावयास मुक्काम कशाला? आणि तोही पौडाला? मुळशी तालुक्यात, घनगडाच्या परिसरात, भांबर्डे नावाचे गाव आहे. पौड त्याच वाटेवरचे. दाखल्यावरील नाव या गावाचे होते. नकाशावर बोट ठेवले गेले ते दुसऱ्याच गावावर.

ही चूक कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. हंटर पद्धतीच्या आधीच्या इंग्रजी लेखनात ऱ्हस्व अकारासाठी ‘यू’ हे अक्षर सर्रास वापरीत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या नावातील ‘नगर’ जुन्या इंग्रजी कागदांत दोन ‘यू’ घालून लिहिलेले आढळते, ते याच रूढीमुळे. रूढी नवी पद्धत आली म्हणून एका दिवसात जात नाही. कारकुनाच्या हातात ती पुढेही वावरते. तेव्हा दाखल्यावरील ‘यू’ हा जुन्या रूढीप्रमाणे वाचला तर ‘भांबर्डे’ निघते, नव्या पद्धतीप्रमाणे वाचला तर ‘भांबुर्डे’. अक्षर एकच, गावे दोन, आणि दोहोंमध्ये मावळची डोंगररांग. शेवटच्या स्वराचीही अशीच गत आहे. बोलताना गावाचे नाव बहुधा सामान्यरूपात येते : भांबर्ड्याला, लोणावळ्याहून. या रूपावरून मूळ शब्द एकारान्त की आकारान्त, हे परक्यास उमगत नाही. इंग्रजी लेखनात पुणे, भांबुर्डे, लोणावळे यांच्या शेवटी आकार येण्यामागे हेही एक कारण असावे, अशी आमची अटकळ आहे. ‘लोणावळा’ हे रूप तर आता मराठी माणसाच्याही तोंडी बसले आहे.

कोणी म्हणेल, की हा एका दाखल्याचा अपवादात्मक घोटाळा आहे. तसे नाही. आडनावावरून गाव शोधण्याची जी लोकप्रिय रीत आहे, तिच्यात हा धोका पदोपदी आहे. वडगावकरांनी नकाशात आपले वडगाव शोधावयास घेतले, तर एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग अशी रांग लागते. उत्साही संशोधक यांतील सर्वांत जवळचे किंवा सर्वांत प्रसिद्ध गाव निवडतो. भांबुर्ड्याच्या बाबतीत आम्हीही तेच केले होते. जवळीक व प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी पुरावा नव्हेत.

मग नकाशा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. वरील चूक आजीच्या वाक्याने उघड केली. पण ती दुरुस्त झाली नकाशामुळेच. पौड कोठे, घाटमाथा कोठे, समोच्च रेषा कोठे दाटतात, पावसात कोणती वाट तुटत असेल, या प्रश्नांची उत्तरे त्याच पत्रकांनी दिली. आजीच्या बोलण्यातील मुक्काम, चढ, ओढा, उतार या खुणा नकाशावर एकेक करून लावून पाहता आल्या व त्या जुळल्या. एक नाव जुळणे हा योगायोग असू शकतो. चार स्थळांमधील नाती एकाच वेळी जुळणे हा योगायोग सहसा नसतो.

काही बाबतींत तर जुन्या पत्रकाची जागा दुसरे कोणतेही साधन घेऊ शकत नाही. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळशी येथे धरण होऊ घातले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतून पांगलेल्या घराण्यांना आज आपले गाव जाऊन पाहता येत नाही. धरणापूर्वीचे सर्वेक्षण ज्या पत्रकावर उतरले आहे, त्यावरच त्या वस्तीचे स्थान, तिची वाट आणि तिची नदी एकत्र पाहावयास मिळते. नंतरच्या आवृत्तीत तेथे नुसता निळा रंग असतो. म्हणूनच पत्रकाच्या समासात छापलेले सर्वेक्षणाचे व आवृत्तीचे वर्ष वाचल्यावाचून त्याचा आधार घेऊ नये. छपाई नवी असली तरी सर्वेक्षण जुने असू शकते.

या विवेचनातून निघणारा नियम थोडक्यात असा मांडता येईल. नकाशाची साक्ष घ्यावी ती अंतर, उंची, पाणी आणि वाट यांपुरती. नावाची साक्ष देवनागरी वा मोडी कागदाची आणि जाणत्या माणसाच्या उच्चाराची. रोमन रूप हाती आले, की त्यातून संभवणारी सर्व मराठी रूपे आधी लिहून काढावीत, त्या प्रत्येक रूपाचे गाव पत्रकावर शोधावे, आणि मगच कुटुंबाच्या आठवणीतील वाटा-मुक्कामांशी पडताळा पाहून निवड करावी. निवड होत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. दोन शक्यता मोकळ्या ठेवणारा कुलवृत्तान्त हा एका चुकीच्या गावात आपले कुलदैवत शोधणाऱ्या कुलवृत्तान्तापेक्षा अधिक शास्त्रीय होय.

या कामात एक घाई मात्र केली पाहिजे. पत्रके कोठे जात नाहीत. ती जतन झाली आहेत व दिवसेंदिवस अधिक सुलभ होत आहेत. ‘भांबर्ड्याला’ या शब्दातील दुसरा स्वर नेमका कसा उच्चारावयाचा, हे ज्यांच्या कानात आहे ती पिढी मात्र बुधवार पेठेच्या वाड्यांबरोबरच विरळ होत चालली आहे. वाडे पाडले जातात, बिऱ्हाडे उपनगरांत जातात, आणि गावाचे नाव नातवंडांच्या तोंडी इंग्रजी दाखल्यावर असेल तसे बसते. विद्यार्थ्यांनी नकाशा उघडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : गावाला कसे जात होता, आणि वाटेत मुक्काम कोठे करीत होता? उत्तर त्यांच्याच उच्चारात टिपून ठेवावे. त्या विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधातील तो निष्कर्ष आम्ही बदलावयास लावला. तिची आजी ते नवे प्रकरण ऐकावयास होती, हे तिचे आणि आमचेही भाग्य.