एक आकडा, दोन अज्ञाते : ‘हाऊ टू ब्रू’मधला हायड्रोमीटर

घरच्या घरी बियर कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकाची दखल शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा हे पुस्तक वाचून कोणी काही करून पाहावे असे सुचवण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. अमेरिकेत मात्र १९७८ साली झालेल्या कायद्याने स्वतःपुरती बियर घरी करण्याला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली आणि त्यातून हौशी मंडळींचा एक मोठा वर्ग तयार झाला. या मंडळींच्या हातात सतत असणारे उपकरण म्हणजे आपल्या शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला हायड्रोमीटर. ज्या उपकरणावर आपण एक तास खर्च करतो आणि परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न विचारतो, त्याच्यावर ही मंडळी पाच-सहा आठवड्यांचे कष्ट सोपवतात. ते उपकरण त्यांना कसे शिकवले जाते हे पाहणे आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे.

जॉन पामर यांचे ‘हाऊ टू ब्रू’ हे या क्षेत्रातील सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एक. पामर शिक्षणाने धातुअभियंता. पहिली आवृत्ती २००० साली निघाली आणि चौथी २०१७ साली. येथील विवेचन पहिल्या आवृत्तीपुरतेच आहे. पुस्तक विज्ञानाला बिचकत नाही. पाण्याचा कठीणपणा, विकरांचे कार्य, यीस्टचे जीवनचक्र यांवर त्यात सविस्तर प्रकरणे आहेत. हायड्रोमीटरची माहिती मात्र एका छोट्या परिशिष्टात आहे.

आधी प्रक्रिया थोडक्यात पाहू. बार्लीचे दाणे मोड आणून वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट कोमट-गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिष्टाची साखर होते आणि एक गोड काढा मिळतो. हा काढा म्हणजे वर्ट. वर्ट उकळून, थंड करून त्यात यीस्ट घातले की किण्वन सुरू होते. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. यीस्ट घालण्यापूर्वी वर्टची सापेक्ष घनता मोजतात, ती मूळ ग्रॅव्हिटी. किण्वन संपल्यावर मोजतात ती अंतिम ग्रॅव्हिटी. ‘ग्रॅव्हिटी’ या शब्दाचा न्यूटनच्या सफरचंदाशी येथे काही संबंध नाही. पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड आहे, एवढाच त्याचा अर्थ. मूळ ग्रॅव्हिटी १.०५० आणि अंतिम १.०१० हे आकडे सर्वसाधारण बियरचे समजावेत.

वाचन कसे घ्यावे हे पामर उत्तम सांगतात. हायड्रोमीटर सगळ्या पिंपात न बुडवता थोडा नमुना उंच, अरुंद नळकांड्यात काढून घ्यावा. वारंवार झाकण उघडू नये, कारण हवेतील जंतू आत जातात. तापमानाची दुरुस्ती करावी. यांतील शेवटचा मुद्दा आपल्या वर्गातही बहुधा राहून जातो. पाण्याची घनता २० अंश सेल्सियसला दर घन सेंटिमीटरला ०.९९८ ग्रॅम असते, ६० अंशांना ती ०.९८३ होते. त्यामुळे १.०५० चे वर्ट ६० अंशांना मोजले तर हायड्रोमीटर सुमारे १.०३५ दाखवील आणि साखर पुरेशी उतरली नाही अशी नवख्याची समजूत होईल.

येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. पुढे परिशिष्टात एक कोष्टक येते. मूळ आणि अंतिम ग्रॅव्हिटी त्यात शोधायची की बियरमधील अल्कोहोलचे प्रमाण मिळते. हौशी मंडळींत याचेच एक सोपे सूत्रही रूढ आहे : दोन्ही आकड्यांतील फरकाला १३१.२५ ने गुणावे. आपल्या उदाहरणात ०.०४० गुणिले १३१.२५ म्हणजे ५.२५ टक्के. उत्तर बरोबर येते. पण ते बरोबर का येते, हा प्रश्न परिशिष्टात उपस्थितच होत नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

हायड्रोमीटरला काय कळते? आपण विस्थापित केलेल्या द्रवाचे वजन आपल्या वजनाइतके झाले की तो तरंगतो, आर्किमिडीजचे तत्त्व त्याला एवढेच सांगू देते. द्रवात काय विरघळले आहे हे त्याला ठाऊक नसते. किण्वन झालेल्या बियरमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. साखर कमी झाली म्हणून द्रव हलका झाला. आणि पाण्याहून हलके, सुमारे ०.७९ घनतेचे अल्कोहोल त्यात आले म्हणून तो आणखी हलका झाला. अज्ञाते दोन आणि वाचन एक. बीजगणिताच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना बजावतो की दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे हवीत. मग हौशी माणसाला एका काचेच्या नळीवरून अल्कोहोल कसे काढता येते?

दुसरे समीकरण रसायनशास्त्र पुरवते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतील समीकरणावरून काढता येते. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या वाढीसाठीही खर्च होते. प्राग येथील कार्ल बॉलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा हिशेब मांडला : विरघळलेल्या २.०६६५ ग्रॅम पदार्थापासून १ ग्रॅम अल्कोहोल, ०.९५६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम यीस्ट. म्हणजे साखर किती गेली आणि अल्कोहोल किती आले या दोन स्वतंत्र राशी राहत नाहीत. एक कळली की दुसरी कळते. कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे हा नियम आहे.

आपले उदाहरण या नियमाने सोडवून पाहू. १.०५० ग्रॅव्हिटीच्या वर्टमध्ये वजनाने सुमारे १२.४ टक्के पदार्थ विरघळलेला असतो. १.०१० हा आकडा साखरेच्या कोष्टकात पाहिला तर २.६ टक्के मिळतात, पण ही संख्या फसवी आहे, कारण अल्कोहोलने द्रवाला वर उचलून धरले आहे. बॉलिंगच्या हिशेबाने खरा उरलेला पदार्थ ४.३ टक्के येतो. तेवढाच पदार्थ नुसत्या पाण्यात असता तर हायड्रोमीटरने १.०१७ दाखवले असते. याचा अर्थ असा, की ग्रॅव्हिटी जी ०.०४० ने उतरली त्यांतील सुमारे ०.०३३ साखर गेल्यामुळे आणि ०.००७ अल्कोहोल आल्यामुळे. वरवर पाहता साखरेचे ८० टक्के किण्वन झाले असे वाटते. वस्तुतः ते ६५ टक्के झालेले असते.

पामर यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. यीस्टच्या प्रकरणात भासमान आणि खऱ्या किण्वनातील फरक त्यांनी सांगितला आहे, आणि १.०४० च्या वर्टमधील सर्व साखर संपली तर ग्रॅव्हिटी ०.९९१ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्याही खाली जाईल, हे सुंदर उदाहरणही दिले आहे. परंतु ते यीस्टच्या गुणधर्मांत दडले आहे. उपकरण हातात घेणारा वाचक परिशिष्ट उघडतो आणि तेथे त्याला मुख्यतः कृती आणि कोष्टक मिळते. आपल्या पाठ्यपुस्तकांचा दोष याहून वेगळा नाही : तत्त्व एका धड्यात, उपकरण दुसऱ्या धड्यात आणि दोहोंची गाठ विद्यार्थ्याने स्वतः मारायची.

ही गाठ न मारल्याने नुकसान होते, आणि ते चवीपुरते नसते. पहिल्या आवृत्तीचा सल्ला असा, की यीस्ट घालताना ग्रॅव्हिटी मोजावी आणि नंतर पिंपाच्या तोंडावरील नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत पिंपाला हात लावू नये. जंतूंच्या भीतीपोटी दिलेला हा सल्ला समजण्यासारखा आहे. पण झाकणातून वायू गळत असला तरी बुडबुडे थांबतात, आणि खोली गार होऊन यीस्ट मंदावले तरी थांबतात. समजा १.०५० पासून सुरुवात झाली आणि बुडबुडे थांबल्यावर वाचन १.०२० आले, दोन-तीन दिवस तेच राहिले. आकडा स्थिर आहे, म्हणून काम संपले का? भासमान किण्वन ६० टक्के झाले आहे, आणि यीस्टचे बहुतेक प्रकार ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत जातात असे याच पुस्तकात म्हटले आहे. तेव्हा येथे थांबून विचार करायला हवा. तो न करता बियर बाटल्यांत भरली आणि पुढे ऊब मिळून यीस्ट जागे झाले, तर ग्रॅव्हिटी आणखी ०.००४ उतरताना दर लिटर बियरमागे सुमारे दोन लिटर कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत तयार होतो. फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेचा वायू वेगळाच. अशा बाटल्या फुटतात आणि काचा माणसांना लागतात. हा अपघात टाळण्याचे साधन हातात असते, पण आकड्याचा अर्थ लावायला पुरेसे शिकवलेले नसते.

मूळ वाचन घ्यायचे राहून गेले तर काय होते, हेही परिशिष्टात यायला हवे होते. १.०१० हा आकडा अडीच टक्क्यांच्या साखरपाण्याचा असू शकतो आणि सव्वापाच टक्के अल्कोहोलच्या बियरचाही. हा पेच इंग्लंडच्या सरकारपुढेही होता. तेथे १८८० पासून १९९३ पर्यंत बियरवरील कर वर्टच्या मूळ ग्रॅव्हिटीवर आकारला जाई. किण्वन झालेल्या बियरवरून मूळ ग्रॅव्हिटी कशी ओळखावी, यावर ग्रॅहॅम, हॉफमन आणि रेडवुड या रसायनशास्त्रज्ञांनी १८५२ मध्येच अहवाल दिला होता. त्यांचा मार्ग ऊर्ध्वपातनाचा : अल्कोहोल आणि उरलेला भाग वेगळे करायचे आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासायचे. एक वाचन हरवले की दुसरे मोजमाप करावेच लागते.

आपल्याकडे हीच गोष्ट दुधात दिसते. लॅक्टोमीटर हा हायड्रोमीटरच. गाईच्या दुधाची सापेक्ष घनता साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी घातले की ती उतरते. साय काढली की ती चढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. साय काढून बेताने पाणी घातले तर लॅक्टोमीटर निमूटपणे शुद्ध दुधाचा आकडा दाखवतो. साय किती काढावी आणि पाणी किती घालावे यांना बांधणारा निसर्गाचा कोणताही नियम नाही, म्हणून येथे दुसरे समीकरण मिळत नाही. यीस्ट अशी लबाडी करू शकत नाही. यासाठीच दूध संकलन केंद्रांवर स्निग्धांशाची वेगळी तपासणी करावी लागते.

पामर यांचे पुस्तक प्रामाणिक आहे, भाषा स्वच्छ आहे आणि सूचना बहुतांशी भरवशाच्या आहेत. हायड्रोमीटरच्या परिशिष्टात आणखी एक पान असते तर ते पूर्ण झाले असते. ते पान आपल्या वर्गात मात्र आपण भरून काढू शकतो, तेही मद्याच्या थेंबाशिवाय. ९०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवावी. दुसऱ्या भांड्यात ९४५ ग्रॅम पाण्यात ५५ ग्रॅम मीठ. परीक्षानळीत छर्रे आणि आलेख कागदाची पट्टी घालून केलेला हायड्रोमीटर दोन्हींत जवळपास एकाच खुणेपर्यंत बुडेल, १.०४० च्या आसपास. मग भांड्यांवरील चिठ्ठ्या काढून घ्याव्यात आणि चव न घेता साखर कशात आहे हे केवळ या उपकरणाने सांगा, असे विद्यार्थ्यांना म्हणावे. थोड्या वेळाने एखादा विद्यार्थी विचारील, की सर, आणखी काय मोजता येईल? तेथून धडा सुरू करावा.