ईश्वरश्रद्धेची कारणे आणि ख्रिस्ती तारणविचार : पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’चे एक वाचन

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठी कादंबरीच्या आरंभापाशी ठेवावयाचे आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राच्या शिखरावर, हे झाले वाङ्मयेतिहासाचे अंग. शारदासदन, विधवांचे शिक्षण, दुष्काळग्रस्त मुलींचे संगोपन हे झाले समाजसुधारणेचे अंग. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु या लेखकांनी ज्या प्रश्नापायी घरदार, जात आणि लौकिक पणाला लावला, तो प्रश्न समीक्षेने त्यांची खाजगी बाब मानून बाजूला सारला. ईश्वरावर विश्वास का ठेवावा आणि मनुष्याचे तारण कशाने होते, हा तो प्रश्न होय. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. ते प्रस्तुत लेखात एक युक्तिवाद म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. युक्तिवाद म्हटला की त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही पाहणे आले.

ईश्वरसिद्धीचा प्रश्न

ईश्वर आहे काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही. सांख्यांना व पूर्वमीमांसकांना जगत्कर्त्या ईश्वराची आवश्यकता वाटली नाही. नैयायिकांनी मात्र त्याचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध करण्याचा चिवट प्रयत्न केला. घट हे कार्य आहे म्हणून कुंभार मानावा लागतो, त्याप्रमाणे जग हे कार्य असल्यामुळे त्याचा कर्ता मानावा लागतो, ही विचारसरणी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त पूर्णत्वास नेली. युरोपातील ईश्वरविद्येत जे पुरावे दिले जात त्यांतील काहींचे हे जवळचे नातेवाईक आहेत.

यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवाद एका विशिष्ट ठिकाणी उभा राहिला. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी नास्तिक नव्हते. ईश्वराचे अस्तित्व दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद होता तो ईश्वर कोणता, त्याचे वचन कोणते आणि त्याच्याकडे जाण्याचा मार्ग कोणता, याविषयी. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा रोखही ईश्वर सिद्ध करण्यापेक्षा वेदान्ताच्या परीक्षणाकडे अधिक आहे. जीव वस्तुतः ब्रह्मच असेल, तर पाप कोणी केले आणि क्षमा कोणी कोणाची मागावयाची, ही त्यांची अडचण होती. हे तर्ककठोर लेखन आज फारसे वाचले जात नाही, याची खंत वाटते. कारण रमाबाईंना ख्रिस्ती धर्माच्या प्रामाण्याविषयी जी खात्री पटली, तीत गोऱ्ह्यांच्या प्रतिपादनाचा वाटा त्यांनी स्वतः मान्य केला आहे.

‘साक्षी’तील दोन पायऱ्या

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव पंडित होते. आयुष्य तीर्थयात्रेत आणि पुराणकथनात गेले. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. नेमाने केलेली व्रते, उपवास, दानधर्म यांचा काहीही उपयोग झाला नाही, हा रमाबाईंचा पहिला धक्का. मात्र हा धक्का त्यांना निरीश्वरवादाकडे घेऊन गेला नाही.

दुसरा आणि निर्णायक प्रसंग कलकत्त्याचा आहे. १८७८ मध्ये तेथील पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रानुसार स्त्रीकर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, असेही त्यांना सुचविण्यात आले आणि त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली. एरवी प्रत्येक बाबतीत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले : स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, आणि शूद्र यांना पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. स्त्रीला पतिसेवेखेरीज गती नाही. वेद वाचावयाचा नाही. आणि वेदाशिवाय ब्रह्मज्ञान नाही, ब्रह्मज्ञानाशिवाय मोक्ष नाही.

या युक्तिवादाचा केंद्रबिंदू ‘अधिकार’ हा शब्द आहे, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. अधिकारी कोण, हे ठरविल्यावाचून वेदान्तविचाराला आरंभच होत नाही. रमाबाई नेमक्या याच उंबरठ्यावर अडखळतात. ईश्वर असेल, त्याचे ज्ञानही असेल. परंतु ते ‘माझ्यासाठी’ नाही. जो ईश्वर आपल्याच निर्मितीतील अर्ध्या मनुष्यजातीला दाराबाहेर ठेवतो, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा कितीही बिनतोड असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. ईश्वराचे असणे आणि त्याच्यावर विश्वास ठेवणे यांमधील हे अंतर रमाबाईंनी अनुभवातून ओळखले. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांना जवळ करताना त्यांनी पाहिल्या आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली. तेव्हा त्या जी तुलना करतात ती दोन दर्शनांची नाही. दोन दरवाजांची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची पायरी बुद्धीची आणि नीतीची. ‘साक्षी’चे वेगळेपण असे की, ही पायरी पुरेशी नव्हती हे लेखिका स्वतः सांगते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांच्या ध्यानी आले. विश्वास ठेवण्याची कारणे होती, तारण नव्हते. मधल्या वर्षांतील पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्रैक्य, मतांगीकार, चर्चचा अधिकार यांवरून त्या निकराने वाद घालताना दिसतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यावयास त्या तयार नव्हत्या. ‘साक्ष’ मात्र या वादांना जवळजवळ स्पर्श करीत नाही. १९०७ मधील रमाबाईंनी १८८५ मधील रमाबाईंना काहीसे गप्प केले आहे, असे माझे मत आहे. आणि हे या पुस्तकाचे वाङ्मयीन तसेच वैचारिक नुकसान आहे.

दुसऱ्या पायरीवर त्यांना जे गवसले ते असे : तारण हे कमावण्याचे फळ नसून मिळालेले दान आहे, आणि ते अनेक जन्मांच्या अंती नव्हे, तर आता, येथेच आहे. ‘तारण’ या मराठी शब्दाची येथे गंमत आहे. तो ‘तारणे’ या क्रियापदाचा आहे, तसाच तो सावकाराच्या वहीतला आणि बँकेच्या कर्जअर्जातलाही आहे. दुसऱ्याच्या देण्यापोटी कोणीतरी काही ठेवणे, हा व्यवहारातला अर्थ ख्रिस्ती सिद्धान्ताच्या इतका जवळ जातो की इंग्रजी शब्दात तो तितका ऐकू येत नाही. रमाबाईंनी आपल्या संस्थेसाठी मात्र ‘मुक्ती’ हा शब्द निवडला. सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंड ओलांडल्यावर जे केडगाव स्थानक लागते, तेथील ही संस्था. ज्या शब्दाच्या दारातून त्यांना परत पाठविले गेले होते, तोच शब्द त्यांनी दारावर लावला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप कर्मसिद्धान्ताचा. एकाने केलेल्या कर्माचे फळ त्याला न मिळणे हा ‘कृतनाश’ आणि न केलेल्याचे फळ दुसऱ्यास मिळणे हा ‘अकृताभ्यागम’, हे आपल्या दर्शनांनी मान्य केलेले दोष आहेत. निरपराध ख्रिस्ताने अपराध्यांसाठी मरण सोसले, या प्रतिपादनात दोन्ही दोष एकाच वेळी येतात. रमाबाई संस्कृत पंडिता असूनही ‘साक्षी’त याचे उत्तर देत नाहीत. ख्रिस्ती परंपरेतही यावर एकवाक्यता नाही. अकराव्या शतकातील अॅन्सेल्म ख्रिस्ताच्या मरणाकडे ईश्वराच्या न्यायाची भरपाई म्हणून पाहतो, तर बाराव्या शतकातील अबेलार्ड मनुष्याचे हृदय पालटविणाऱ्या प्रेमाचे प्रकटीकरण म्हणून. आक्षेप पहिल्या मताला जितका लागतो तितका दुसऱ्याला लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे आणि मला तो अधिक अडचणीचा वाटतो. अधिकाराचा प्रश्न धर्मशास्त्रांपुढे खरा. पण वारकरी परंपरेपुढे? जनाबाई, चोखामेळा, सोयराबाई, बहिणाबाई यांनी विठ्ठलाशी बोलण्यासाठी कोणाची परवानगी मागितली नव्हती. कृपा हे दान आहे, हेही संतांना ठाऊक होते. रमाबाईंच्या युक्तिवादात ही परंपरा जवळजवळ अनुपस्थित आहे. त्यांचे बालपण महाराष्ट्राबाहेरच्या भटकंतीत गेले, हे एक कारण असू शकेल. त्यांच्या बाजूने इतके मात्र म्हणता येते की, अभंगात मिळालेला अधिकार चोखोबांना मंदिराच्या आत घेऊन गेला नाही.

हा प्रश्न अंगावर घेतला तो नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशी भूमिका मांडली. जो पूल आहे तो मोडावयाचा नसतो. त्यामुळे त्यांच्या तारणविचारात दंडाची भरपाई मागे पडते आणि सान्निध्य पुढे येते. १९१७ मध्ये त्यांनी कल्पिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान होते. रमाबाईंसाठी बाप्तिस्मा ही अपुरी पायरी होती. टिळकांसाठी ती, निदान शेवटी, अनिवार्य राहिली नाही.

सोलापूर, १९३८

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. धर्मांतराच्या दृष्टीने विचार करावा अशी बुद्ध आणि ख्रिस्त ही दोनच व्यक्तिमत्त्वे आपल्याला दिसतात, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी श्रोत्यांना कडवे बोलही ऐकविले : दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढण्यास पुढे आला नाही. रमाबाईंची पहिली पायरी, म्हणजे अधिकार नाकारणाऱ्या धर्मावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही ही भूमिका, आंबेडकरांना पूर्णपणे मान्य होण्यासारखी होती. त्यांनी तीच कसोटी चर्चच्या दारालाही लावली. दुसरी पायरी त्यांनी स्वीकारली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी ज्या धर्माची दीक्षा घेतली, त्यात जगत्कर्ता ईश्वर नाही आणि दुसऱ्याच्या वतीने तारण देणाराही कोणी नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले आहे. ‘साक्षी’तील तारणविचारावरचा हा मराठी भूमीतला सर्वांत गंभीर प्रतिवाद आहे. सोलापूरच्या त्या भाषणाच्या संदर्भात त्याची चर्चा आपल्या अभ्यासमंडळांतून अद्याप व्हावयाची आहे.